रेंजफाइंडर कॅमेरा पुन्हा यावा का?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, कॅमेऱ्याच्या भानगडीत कशाला पडताय?" मी म्हटलं, अरे, पन्नास वर्षांपूर्वीच पडलोय, बाहेर यायला आत्ता वेळ मिळतोय.

तर आधी ती पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. १९७४ साली आमच्या ताईचं लग्न झालं. माझा चुलतभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने जपानहून एक कॅमेरा आणला होता, तो दोन दिवसांसाठी माझ्या गळ्यात पडला. छत्तीस फोटोंचा एक रोल, तोही उसना मागून आणलेला. मी सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं टिपलं. खिडकीतून बघायचो तर मधल्या पिवळसर चौकोनात ताईच्या मुंडावळ्या दोन-दोन दिसायच्या, भिंगाची कडी फिरवली की एकीवर दुसरी येऊन बसायची, की मी खटका दाबायचो. इतकं सुंदर दिसत होतं! आठ दिवसांनी रोल धुऊन आला. पारदर्शक पट्टी, कोरी करकरीत. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो भिंगावर झाकण ठेवून काढले होते.

तुम्ही हसलात. त्या वेळी घरात कोणी हसलं नाही. आई फक्त एवढंच म्हणाली, "पण तुला तर सगळं दिसत होतं ना रे?"

हा प्रश्न मला पुढे वर्गात कोणत्याही विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नापेक्षा अवघड गेला. मला दिसत होतं, हे खरं. फिल्मला दिसत नव्हतं, हेही खरं. कारण त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारं भिंग वेगळं. याच कॅमेऱ्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात. आणि आज अनेक हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार म्हणतायत की हा प्रकार कंपन्यांनी पुन्हा बाजारात आणावा. आणावा का, एवढाच आजचा प्रश्न.

हे यंत्र करतं काय, ते आधी बघू. सगळ्यांनी उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा. आता एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा उडी मारतो, हो ना? अंगठा जवळ आणलात तर उडी मोठी, लांब नेलात तर लहान. म्हणजे उडी किती, यावरून अंतर किती ते कळतं. रेंजफाइंडरने एवढंच केलं. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या ठेवल्या, एकीतलं दृश्य अर्धपारदर्शक आरशाने दुसरीतल्या दृश्यावर टाकलं, आणि एक आरसा किंवा प्रिझम भिंगाच्या कडीला दांडीने जोडून दिला. कडी फिरली की प्रतिमा सरकते. दोन प्रतिमा जुळल्या की भिंग नेमक्या अंतरावर आलेलं असतं. दोन खिडक्यांमधल्या अंतराला पाया म्हणू. पाया जितका रुंद, तितकं माप अचूक. युद्धनौकांवर तोफांसाठी हेच तत्त्व वापरायचे. जपानच्या यामातो या युद्धनौकेवरच्या रेंजफाइंडरचा पाया १५ मीटर होता. कॅमेऱ्यात मात्र सेंटिमीटरांवर भागवावं लागतं. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये खिडकीची वर्धनशक्ती धरून परिणामी पाया सुमारे ६३ मिलिमीटर पडतो. आपल्या दोन डोळ्यांतलं अंतरही साधारण तेवढंच असतं. योगायोग असेल, पण मला आवडतो.

इतिहासात फार शिरत नाही. कोडॅकने १९१६ मध्येच एका कॅमेऱ्याला भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर बसवला होता. पण खरी गोष्ट सुरू झाली १९३२ मध्ये, जेव्हा जर्मनीत लायका-२ आणि झाइस आयकॉनचा कॉन्टॅक्स एकाच वर्षी आले. मग महायुद्ध झालं. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत युनियनमध्ये गेली आणि तिथे 'कीव्ह' नावाने तोच कॅमेरा निघू लागला. जपानमध्ये निकॉन आणि कॅनन दोघांचाही कॅमेऱ्यांचा धंदा रेंजफाइंडरवरच उभा राहिला. १९५९ मध्ये निकॉन-एफ आला, आरशाचा, म्हणजे ज्याला आपण एसएलआर म्हणतो तो. त्यात भिंगातूनच बघायचं. झाकण असलं तर काळोख दिसणार! म्हणजे माझ्यासारख्यांची सोय झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत व्यावसायिकांच्या हातातून रेंजफाइंडर जवळजवळ गेला. लायकाने धरून ठेवला, बाकीच्यांनी सोडला. आमच्यासारख्यांच्या घरात आले ते न बदलणाऱ्या भिंगाचे, परवडणारे जपानी रेंजफाइंडर: कॅननेट, याशिका इलेक्ट्रो ३५, ऑलिंपस. ही मंडळी हौशी लोकांसाठी होती आणि तेवढ्यापुरती फार गुणी होती.

मग पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झालेच नाहीत का? झाले की. कोसिना कंपनीने फोक्टलेंडर हे जुनं जर्मन नाव घेऊन बेसा मालिकेतले रेंजफाइंडर काढले आणि २०१५ च्या सुमारास थांबवले. कोनिकाने १९९९ मध्ये हेक्सार आरएफ काढला. निकॉनने २००० आणि २००५ मध्ये आपल्याच जुन्या एस-३ आणि एसपी मॉडेलांच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या. ते मला पुनरुज्जीवन वाटत नाही, ते श्राद्ध. नीट, विधिपूर्वक केलेलं, पण श्राद्धच. २००४ मध्ये एप्सनने आर-डी-१ काढला, जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. त्यात रोल नव्हता, तरी प्रत्येक फोटोनंतर शटर ताणायला अंगठ्याने खटका ओढावा लागायचा. लायकाचा डिजिटल एम-८ आला २००६ मध्ये, आणि २०२२ मध्ये तर त्यांनी फिल्मचा एम-६ परत बाजारात आणला. किंमत लाखांच्या घरात. म्हणजे "परत आणा" ही मागणी अक्षरशः घेतली तर ती पुरी झालेली आहे. दुकानात मिळतो. ज्यांना परवडतो त्यांना.

म्हणून मला वाटतं, मागणी नेमकी कशाची आहे हे आधी तपासावं लागेल. इथे आपल्या नैयायिकांचं एक जुनं हत्यार उपयोगी पडतं. लक्षण करताना ते जे दोष बघायचे त्यांतले दोन: अव्याप्ती आणि अतिव्याप्ती. हव्या त्या वस्तूला लक्षण लागू होत नसेल तर अव्याप्ती, नको त्या वस्तूलाही लागू होत असेल तर अतिव्याप्ती. आज बाजारात "रेंजफाइंडरसारखा" हे विशेषण सरसकट वापरतात. कॅमेरा चपटा, खिडकी डाव्या कोपऱ्यात, वर धातूच्या चकत्या, की झाला रेंजफाइंडरसारखा. फुजीफिल्मचा २०११ चा एक्स-१०० आणि त्याचे वंशज यांना लोक असंच म्हणतात. उत्तम कॅमेरे आहेत, माझ्या भाचीकडे एक आहे. पण त्यात अंतर मोजणारी दुसरी खिडकी नाही. ही शुद्ध अतिव्याप्ती. गायीला शिंगं असतात म्हणून म्हशीला गाय म्हणण्यासारखं.

मग रेंजफाइंडरचे चाहते त्याचे कोणते गुण सांगतात? आकार लहान. आरसा नाही, त्यामुळे आवाज कमी. भिंग फिल्मच्या जवळ बसवता येतं, त्यामुळे रुंद कोनाची भिंगं चांगली बनतात. हे सगळे गुण खरे होते. पण आता आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले आणि त्यांनी हे तिन्ही उचलले. म्हणजे हे गुण रेंजफाइंडरचे नव्हतेच, आरसा नसण्याचे होते. ते खात्यातून वजा करा.

उरलं काय? दोन गोष्टी. एक, खिडकी. ती साधी काच असते. तिच्यात चौकटीच्या रेषा तरंगतात आणि रेषांच्या बाहेरचंही जग दिसत राहतं. चौकटीत आता कोण शिरणार, हे शिरण्याआधी दिसतं. एसएलआरमध्ये नेमक्या फोटोच्या क्षणी आरसा वर जातो आणि डोळ्यासमोर काळोख होतो, म्हणजे जो क्षण तुम्ही घेतला तोच तुम्ही पाहिलेला नसतो. रेंजफाइंडरमध्ये तो दिसतो. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन १९४७-४८ मध्ये भारतात होते. ३० जानेवारी १९४८ ला दुपारी ते गांधीजींना भेटले, आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक त्यांना दाखवलं, आणि त्यानंतर थोड्याच वेळात ती बातमी आली. त्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू ती बातमी लोकांना सांगतायत, ते त्यांचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. प्रकाश जेमतेम होता, चित्र पूर्ण स्पष्ट नाही. पण माणूस त्या गर्दीत डोळे उघडे ठेवून उभा होता, हे त्या चित्रात दिसतं.

पण थांबा. ही खिडकी अंतरमापकाशिवायही देता येते. फुजीने दिली आहे, काचेची खिडकी आणि इलेक्ट्रॉनिक पडदा दोन्ही एकत्र. म्हणजे खिडकीही वजा झाली, निदान अर्धी.

तेव्हा शेवटी उरतो तो मधला पिवळसर चौकोन. दोन प्रतिमा हाताने एक करणं. सगळ्या प्रश्नाचा जीव एवढ्यात आहे.

भारतीय ज्ञानमीमांसेत भ्रमाचं एक ठरलेलं उदाहरण आहे: द्विचंद्र. डोळ्याचा विकार झालेल्याला एकाच्या जागी दोन चंद्र दिसतात. बौद्ध तार्किकांपासून अनेकांनी त्यावर वाद घातले. प्रत्यक्षच चुकलं की मनाने मागाहून चूक केली, असा तो वाद. मी तीस-पस्तीस वर्षं हा वाद शिकवला, आणि दर वेळी मला तो कॅमेरा आठवायचा. कारण रेंजफाइंडर मुद्दाम द्विचंद्र दाखवतो. सांगतो की बाबा, तुझं ज्ञान अजून चुकीचं आहे, आणि किती चुकीचं तेही दाखवतो. मग तू कडी फिरवतोस आणि दोनाचा एक होतो. इथे भ्रम मोजमापाचं साधन झाला. स्वयंचलित फोकसमध्ये हिरवा चौकोन लागतो, टीं असा आवाज येतो, आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता. ते बहुतेक वेळा माझ्यापेक्षा अचूक असतं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण न्यायाच्या भाषेत बोलायचं तर ते शब्दप्रमाण झालं, आप्ताने सांगितलं म्हणून मानलेलं. रेंजफाइंडरमध्ये निर्णय प्रत्यक्षाचा असतो.

इथे आल्बर्ट बोर्गमान यांची आठवण येते. जन्म जर्मनीतला, अध्यापन अमेरिकेत मोंटाना विद्यापीठात. १९८४ मध्ये त्यांनी तंत्रज्ञानावर एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की काही वस्तू आपल्याला गुंतवतात आणि काही फक्त फळ हातात देतात. घरातली शेकोटी आणि घर आपोआप गरम करणारी यंत्रणा, हे त्यांचं उदाहरण. आणि ते लक्षात आणून देतात की 'फोकस' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच चूल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केप्लरने तो प्रकाशशास्त्रात आणला. तेव्हा आपण फोटो काढताना फोकस करतो म्हणजे शब्दशः चूल पेटवतो! आपल्याकडे त्यांना बंब आणि गीझर म्हणता येईल. बंबाला छिलपे लागतात, फुंकणी लागते, राख काढावी लागते, आणि त्याभोवती सकाळी घर जमतं. गीझर बटणावर पाणी देतो.

हे ऐकायला फार गोड वाटतं, म्हणूनच मी इथे सावध होतो. आमच्या घरी बंब कोण पेटवायचं? आई. पहाटे पाचला, थंडीत, धुराने डोळे चोळत. बंबाच्या पाण्याची आठवण काढणारे आम्ही सगळे आंघोळ करणारे. आईला गीझर आला तेव्हा तिने एकदाही बंबाची आठवण काढली नाही. जुन्या कष्टाचं कौतुक करताना ते कष्ट कोणाचे होते हे विचारलंच पाहिजे.

रेंजफाइंडरला हा आक्षेप लागतो का? एका बाजूने नाही लागत, कारण कडी फिरवण्याचे कष्ट ज्याला आनंद हवा त्याचेच आहेत. दुसऱ्या बाजूने लागतो. हे यंत्र बनवणं म्हणजे अतिशय बारीक हाताचं काम. आरसा, दांडी आणि भिंगामागचा उंचसखल कडा, या तिघांचं नातं मिलिमीटरच्या शतांशात जमवावं लागतं, आणि एका धक्क्याने ते बिघडतं. बिघडलं तरी खिडकीत प्रतिमा सुंदर जुळलेली दिसते. चूक कळते फोटो आल्यावर. त्यात डिजिटलमुळे मोठी अडचण झाली. फिल्मच्या काळात पोस्टकार्डाएवढा फोटो बघायचो, थोडं चुकलेलं खपून जायचं. आता लायका एम-११ मध्ये ६ कोटी बिंदू आहेत. पडद्यावर मोठं करून बघितलं की पापणीऐवजी कान स्पष्ट आलाय हे लगेच दिसतं. तीस सालचं मापयंत्र आणि आजचा साक्षीदार, असा हा सामना आहे. खुद्द लायकाने २०२५ मध्ये एम मालिकेतच रेंजफाइंडर काढून टाकून इलेक्ट्रॉनिक खिडकी बसवलेला कॅमेरा आणला. देवळाच्या पुजाऱ्यानेच मूर्ती हलवली म्हणा ना.

आता "आणावा का" यातल्या 'वा' कडे येऊ. कांटने आदेशांचे दोन प्रकार केले, निरपेक्ष आणि सापेक्ष. खरं बोलावं, हा निरपेक्ष. सर्दी टाळायची असेल तर भिजू नये, हा सापेक्ष. कॅमेरा कंपनीवर रेंजफाइंडर बनवण्याचं निरपेक्ष कर्तव्य नाही. हौशी मंडळी कधी कधी अशा सुरात बोलतात की जणू कंपनीने धर्म सोडला. तसं काही नाही. तेव्हा वाक्य असं हवं: अमुक साधायचं असेल तर अमुक प्रकारचा रेंजफाइंडर आणावा.

साधायचं काय, तर हाताने आणि डोळ्याने अंतर ठरवण्याची सवय, साध्या माणसाच्या खिशाला परवडेल अशी. मग माझं म्हणणं असं की लायकाची नक्कल करू नका. बदलत्या भिंगांचा मोह सोडा. कारण गणित बघा: ॲपर्चर तेच ठेवून भिंगाचा नाभीय अंतराचा आकडा दुप्पट केला की लागणारा पाया चौपट होतो. ३५ मिलिमीटरच्या भिंगावरून १३५ वर गेलात की जवळजवळ पंधरा पट. एका छोट्या यंत्रावर हा सगळा बोजा टाकला की ते महाग होणारच. उलट ३५ किंवा ४० मिलिमीटरचं एकच, न निघणारं भिंग, एफ २.८ इतकं बेताचं. त्याला आखूड पायाही पुरतो, थोडी चूक भिंग पोटात घालतं, आणि कारखान्यात एका भिंगाची एका दांडीशी एकदाच गाठ घालायची. साठ-सत्तरच्या दशकातले कॅननेट वगैरे याच शहाणपणावर स्वस्त होते. पुनरुज्जीवन करायचं तर त्या धाकट्या भावाचं करा. थोरला जिवंतच आहे.

हे स्वप्नरंजन नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सने '१७' नावाचा नवा फिल्म कॅमेरा काढला. अर्ध्या चौकटीचा, हाताने रोल ओढायचा. अंतर मात्र डोंगर, माणूस, फूल अशा चित्रांवरून अंदाजाने लावायचं. आपल्या आग्फा क्लिकच्या नात्यातला. म्हणजे एक मोठी कंपनी एवढं धाडस करू शकते. त्या जागी तो पिवळसर चौकोन बसवणं अवघड आहे, पण अशक्य कोटीतलं नाही.

आणि माझी एक अट. जुळणीचा स्क्रू बाहेरून हाती लागला पाहिजे, आणि तो कसा फिरवायचा हे कॅमेऱ्यासोबतच्या कागदावर छापलेलं पाहिजे. माझ्या ओळखीचे एक दुरुस्तीवाले होते, गेले बिचारे करोनाच्या आधी. त्यांच्याकडे अशा कॅमेऱ्यांचा ढीग असायचा. ते म्हणायचे, यातल्या निम्म्यांना काही झालेलं नाही, फक्त दोन प्रतिमा वरखाली झाल्यात, आणि स्क्रू कुठे आहे हे कोणाला माहीत नाही. ज्या वस्तूची चूक मालकाला सुधारता येत नाही, तिच्यात मालक गुंततो असं म्हणण्यात अर्थ नाही. नव्या कंपनीला हे करायचं नसेल तर तिने स्वयंचलित फोकसच द्यावा, तो अधिक प्रामाणिक आहे.

वेळ होत आली. प्रश्न एकच घेतो. हं, मागच्या रांगेतल्या ताई.

(एका श्रोत्या: सर, माझ्या आजोबांचा याशिका इलेक्ट्रो आहे. वीस वर्षं कपाटात आहे. चालू करावा का?)

जरूर करा. आधी खालचं बॅटरीचं झाकण उघडून बघा, जुना सेल आत राहिला असेल तर गंज आला असेल. त्याला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, पण दुसरे लहान सेल अडॅप्टरमध्ये घालून काम भागतं. मग खिडकीतून लांबची वस्तू बघा, टॉवर किंवा चंद्र. कडी अनंतावर असताना दोन दिसतायत की एक, ते तपासा. दोन दिसले तर जुळणी करून घ्यावी लागेल. चौकोनच दिसत नसेल तर आतला आरसा पुसट झालाय, तो बदलावा लागतो.

आणि पहिला फोटो काढताना भिंगावरचं झाकण काढा.